सायटस वापरून पाहिलं: अनेक मशीनवरचं पोस्टग्रेस आणि नाशिकच्या द्राक्षबागांच्या नोंदी

पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या, डेटा फुगत चाललाय आणि क्वेरी रेंगाळतायत म्हणून हैराण झालेल्या मंडळींसाठी हे लिहितेय. सायटस हे पोस्टग्रेसचा डेटा अनेक मशीनवर वाटणारं एक्स्टेन्शन (जोड) आम्ही द्राक्षाचा एक पूर्ण हंगाम, म्हणजे ऑक्टोबर छाटणीपासून काढणी आटोपेपर्यंत, रोजच्या कामाला लावलं. मत आधीच सांगून टाकते: चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे. पाचपैकी चार तारे. पण त्याच्याकडे जाण्याआधी दोन गोष्टी करून बघायच्या असतात. आहे त्या एका मशीनमधले सगळे कोअर खरंच राबतायत का हे तपासायचं. आणि आपला डेटा कुठल्या कॉलमवर तोडला तर एकमेकींना भेटाव्या लागणाऱ्या ओळी एकाच मशीनवर राहतील, हे कागदावर मांडून बघायचं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर सायटसच काय, अनेक मशीनवर चालणारा कुठलाच डेटाबेस घेऊ नका.

आमचं ऑफिस सातपूरला आहे. दिंडोरी, निफाड, चांदवड, बागलाण या पट्ट्यातल्या बागांमध्ये हवामान केंद्रं उभी आहेत, त्यांच्या नोंदी आमच्याकडे येतात: तापमान, आर्द्रता, पाऊस, वारा, पानांवरचा ओलावा, जमिनीतला ओलावा. दर १० मिनिटांनी नोंद म्हणजे एका केंद्राच्या दिवसाला १४४ आणि वर्षाला ५२,५६०. सहा सेन्सरच्या सहा वेगळ्या ओळी धरल्या तर वर्षाला तीन लाख पंधरा हजारांच्या वर, तेही एका केंद्राच्या. शंभर केंद्रं झाली की वर्षाकाठी तीन कोटींच्या पुढे. आणि जुने हंगाम फेकून देता येत नाहीत, कारण रोगाचा अंदाज त्यांच्यावरच बसवलेला असतो.

डावणी, भुरी, करपा, द्राक्षावरचे तीन रोग. ज्याची बाग आहे त्याला या तीन शब्दांचं वजन सांगायला नको. पान सलग किती तास ओलं राहिलं आणि त्या वेळी तापमान किती होतं, यावर डावणीचा धोका ठरतो. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला की पहाटे पाचपासून फोन सुरू होतात. "ताई, ब्लोअर भरून उभा केलाय. स्प्रे आज घेऊ का उद्यापर्यंत थांबू?" हा प्रश्न विचारणाऱ्याला क्वेरी चालू आहे असं सांगता येत नाही. एक जादा स्प्रे म्हणजे पैसा, मजुरी आणि वर द्राक्षात औषधाचा अंश (रेसिड्यू) उरण्याची धास्ती. एक चुकलेला स्प्रे म्हणजे घडच हातचे जाणं. म्हणून हा डेटाबेस वेळेवर उत्तर देतो की नाही, ही गोष्ट मला फार जवळची आहे.

आमच्याकडे दोन जातींचे प्रश्न येतात. एक शेतकऱ्याचा: माझ्या प्लॉटचं गेल्या तीन दिवसांत काय झालं? याला अडीच हजारांच्या आसपास ओळी पुरतात. दुसरा आमच्या ॲग्रोनॉमिस्ट मॅडमचा: गेल्या पाच हंगामांत, छाटणीनंतरच्या ४० ते ६० दिवसांत, प्रत्येक केंद्रावर पान सलग किती तास ओलं होतं? याला सगळं टेबल चाळावं लागतं. रात्री चालणारं गणित या दुसऱ्या जातीचं. ते पहाटेपर्यंत रेंगाळायला लागलं आणि शेतकऱ्यांच्या सकाळच्या गर्दीवर येऊन आदळायला लागलं, तेव्हा हार्डवेअरचा विचार सुरू झाला.

अनेक प्रोसेसरनी मिळून एक डेटाबेस चालवायचा तर रचना मुळात तीनच. सगळ्या प्रोसेसरना एकच मेमरी आणि त्याच डिस्क, ही शेअर्ड मेमरी. मशीन वेगळी, मेमरी ज्याची त्याची, पण डिस्क सामायिक, ही शेअर्ड डिस्क. आणि प्रत्येकाची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी, मध्ये फक्त नेटवर्क, ही शेअर्ड नथिंग. बर्कलेच्या मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये या तिघींची तुलना करून शेअर्ड नथिंगची बाजू मांडली. त्यांचा मुद्दा असा की मशीनची संख्या वाढवत न्यायची असेल तर मशीनमध्ये वाटून घेण्यासारखं जितकं कमी, तितका अडथळा कमी. याच स्टोनब्रेकर यांचा पोस्टग्रेस प्रकल्पही १९८६ मध्येच बर्कलेत सुरू झाला. पण पोस्टग्रेसमध्ये एक क्वेरी एकापेक्षा जास्त प्रोसेसवर चालायला २०१६ साल उजाडावं लागलं. तीस वर्षं! टेराडेटाचं डीबीसी/१०१२ हे शेअर्ड नथिंग मशीन तर १९८४ मध्येच बाजारात आलं होतं. नावातलं १०१२ म्हणजे दहाचा बारावा घात, एक टेराबाइट. त्या काळी हा आकडा स्वप्नातला होता. ओळीच्या किल्लीवर हॅश (किल्लीवरून आकडा काढणारं गणित) लावायचा आणि त्यानुसार ती ओळ कुठल्या प्रोसेसरकडे जाईल ते ठरवायचं, ही टेराडेटाची पद्धत. आज सायटस आमच्या नोंदी अगदी तशाच वाटतं.

शेअर्ड डिस्क आम्ही लवकर बाजूला ठेवली. ओरॅकलचं आरएसी हे त्याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण, २००१ मध्ये आलेलं. त्यात कुठलंही मशीन कुठलीही ओळ वाचू-लिहू शकतं, एक मशीन पडलं तरी बाकीची त्याच डिस्कवरून काम पुढे नेतात, ही फार मोठी सोय. पण एकाच ब्लॉकवर दोन मशीनना लिहायचं असलं की तो ब्लॉक नेटवर्कवरून इकडून तिकडे पाठवावा लागतो, लॉक सांभाळावे लागतात. लायसन्स आणि सामायिक स्टोरेजचा खर्च हिशेबात धरला की आमच्यासारख्या छोट्या ऑफिससाठी विषय तिथेच मिटला.

शेअर्ड मेमरी म्हणजे आमच्याकडे आधीच असलेला दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसर चिप बसणारा, सर्व्हर. आधी त्यालाच पुरता पिळून घेतला, आणि हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते दहापैकी सात-आठ ऑफिसांचं काम इथेच भागेल.

पोस्टग्रेस ९.६ मध्ये समांतर स्कॅन (टेबल चाळणं) आला, १० मध्ये इंडेक्स स्कॅनही समांतर झाला आणि ११ मध्ये समांतर हॅश जॉइन (दोन टेबलांच्या ओळी जुळवणं). पण हे सगळं असूनही सेटिंग मूळचीच ठेवली तर एका क्वेरीला दोनच वर्कर (मदतीच्या प्रोसेस) मिळतात आणि सगळ्या क्वेरींमध्ये मिळून आठ. तुमच्या सर्व्हरमध्ये बत्तीस कोअर असले तरीही आठच. क्वेरी कशी चालली ते दाखवणारं एक्स्प्लेन ॲनालाइझ लावून बघा. आमच्या रात्रीच्या क्वेरीची मर्यादा आम्ही चारवर नेली होती, तरी तिच्या प्लॅनमध्ये गॅदरच्या (वर्करचं काम गोळा करणाऱ्या पायरीच्या) खाली दोन ओळी होत्या: 'वर्कर्स प्लॅन्ड: ४' आणि 'वर्कर्स लाँच्ड: १'. म्हणजे प्लॅनरने चार मजूर मागितले होते, पण नाक्यावर शिल्लक होता एकच. बाकीचे दुसऱ्या क्वेरींनी नेलेले. क्वेरी तक्रार करत नाही, मुकाट्याने हळू चालते. 'लाँच्ड'चा आकडा वाचायची सवय लावून घ्या. एकूण वर्करची मर्यादा कोअरच्या संख्येनुसार वाढवली, त्यासाठी एकदा रीस्टार्ट करावं लागतं, आणि फरक त्याच रात्री दिसला.

दुसरी जागा आणखी लपलेली आहे. तापमान आणि आर्द्रतेवरून दवबिंदू काढणारं आमचं एक फंक्शन होतं. साधं अंकगणित, टेबलला हातही न लावणारं. पण पोस्टग्रेसमध्ये आपण लिहिलेलं प्रत्येक फंक्शन, वेगळं सांगितलं नाही तर, समांतर कामासाठी असुरक्षित धरलं जातं. आणि क्वेरीत असं एक जरी फंक्शन आलं तरी अख्खी क्वेरी एकाच प्रोसेसवर चालते. प्लॅनमध्ये गॅदर दिसतच नाही. फंक्शनच्या व्याख्येत 'पॅरलल सेफ' हे दोन शब्द घातले आणि तीच क्वेरी चारही वर्करवर पसरली. तुमच्याकडे जुनी, कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेली फंक्शनं असतील तर आजच यादी काढा. अर्थात खरंच सुरक्षित आहे का, हे एकेक वाचूनच ठरवायचं. तात्पुरत्या टेबलात डोकावणारं किंवा सीक्वेन्स हलवणारं फंक्शन सेफ म्हणून खपवायचं नाही.

मेमरीचंही भान ठेवा. वर्क मेम (सॉर्ट, हॅशसाठी ठरवून दिलेली मेमरी) प्रत्येक प्रोसेसला आणि तिच्यातल्या प्रत्येक सॉर्टला, हॅशला वेगळी लागते. चार वर्कर अधिक मुख्य प्रोसेस म्हणजे पाचपट. आणि दोन सॉकेटच्या मशीनमध्ये अर्धी मेमरी दुसऱ्या सॉकेटला जोडलेली असते, तिथपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. म्हणून कोअर दुप्पट झाले की वेग दुप्पट होईल हे गृहीत धरू नका.

याच्या जोडीला नोंदींच्या टेबलाची हंगामानुसार पार्टिशन (वेगळे तुकडे) पाडली: एप्रिलच्या खरड छाटणीपासून सप्टेंबरअखेर एक, ऑक्टोबर ते मार्च दुसरं. वेळेच्या कॉलमवर ब्रिन इंडेक्स टाकला, जो नोंदी वेळेच्या क्रमाने येत असतील तर इतका लहान राहतो की त्याच्या आकाराची काळजीच नको. एवढ्यावर आमचा आणखी एक हंगाम सहज निघाला.

मग अडलं कुठे? लिहिण्यात. पोस्टग्रेसमध्ये समांतर क्वेरी वाचण्यासाठी आहे. निवडलेल्या ओळी दुसऱ्या टेबलात घालणारं इन्सर्ट-सिलेक्ट आजही एकाच प्रोसेसवर चालतं. आमचं रात्रीचं काम नेमकं हेच: कच्च्या नोंदी वाचायच्या, तासाचे सारांश काढायचे आणि सारांशाच्या टेबलात लिहायचे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलंय की कामाचा जो भाग समांतर होत नाही, तोच शेवटी एकूण वेगाला लगाम घालतो. आमच्याकडे तो भाग हा होता. क्रिएट टेबल ॲज वापरलं तर वाचन समांतर होतं खरं, पण रोज नवं टेबल उभं करून अदलाबदल करणं म्हणजे दुसरी डोकेदुखी. आणि मेलेल्या ओळी झाडणारा ऑटोव्हॅक्यूम एका अजस्र टेबलाशी झुंजत बसायचा तो वेगळाच.

इथे सायटस आलं. सायटस डेटा ही मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये घेतली आणि २०२२ च्या ११ व्या आवृत्तीपासून एंटरप्राइझमधली सगळी वैशिष्ट्यंही खुली केली. लायसन्स एजीपीएल, म्हणजे ओपन सोर्स आहे. सॉफ्टवेअरला रुपयाही लागला नाही. एक कोऑर्डिनेटर मशीन, तीन वर्कर मशीन (मघाच्या वर्कर प्रोसेस वेगळ्या). कोऑर्डिनेटरला आपण नेहमीसारखी एसक्यूएल पाठवायची, तो तुकडे करून वर्करना देतो. प्रत्येक वर्कर म्हणजे आपलं ओळखीचं साधं पोस्टग्रेसच. पीएसक्यूएल (पोस्टग्रेसचं कमांड द्यायचं साधन) लावून आत जाऊन बघता येतं, शार्ड, म्हणजे मोठ्या टेबलाचे तुकडे, ही तिथली साधी टेबलं. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त भावली. नवीन भाषा नाही, नवीन बॅकअपचं शास्त्र नाही, रात्री दोन वाजता काही बिघडलं तर आजवरची सगळी विद्या कामी येते.

आता खरा प्रश्न, टेबल कशावर तोडायचं. पहिल्यांदा सगळ्यांना सुचतो तो तालुका. अहवाल तालुक्यानुसार निघतात, माणसंही तालुक्यानुसार बोलतात. पण आमची निम्म्याहून जास्त केंद्रं निफाड आणि दिंडोरीत. हे दोन्ही तालुके एका मशीनवर पडले तर बाकीची दोन हातावर हात ठेवून बसणार. पॅकहाउसमध्ये दहा टेबलांवर प्रतवारी चालू असते. नऊ टेबलं रिकामी झाली तरी शेवटच्या टेबलावरचे क्रेट संपेपर्यंत कंटेनरचं दार लागत नाही. डेटाबेसचं अगदी तसंच. दुसरा मोह तारखेचा. पण पहाटे सगळ्यांना आजचाच डेटा हवा असतो, म्हणजे तारखेवर तोडलं तर सगळी गर्दी एकाच मशीनवर. आम्ही केंद्राच्या क्रमांकावर तोडलं. हॅशमुळे निफाडची केंद्रंही तिन्ही वर्करवर विखुरली जातात, आणि एका केंद्राच्या सगळ्या नोंदी, त्याचे सारांश, त्याला जोडलेले प्लॉट आणि त्या प्लॉटच्या फवारणीच्या नोंदी मात्र एकाच वर्करवर नांदतात.

याला सायटसमध्ये को-लोकेशन म्हणतात, आणि आमच्या पैशांचं चीज इथे झालं. कच्च्या नोंदींचं टेबल आणि सारांशाचं टेबल दोन्ही केंद्राच्या क्रमांकावर तोडलेली असली की इन्सर्ट-सिलेक्ट कोऑर्डिनेटरवर येतच नाही. प्रत्येक शार्ड आपल्या शेजारच्या शार्डात स्वतःच लिहितो, सगळीकडे एकाच वेळी. नेटवर्कवरून एकही ओळ जात नाही. जे काम पहाटेपर्यंत चालायचं ते आता मध्यरात्रीच्या आत आटोपतं. व्हॅक्यूमसुद्धा प्रत्येक वर्करवर आपापल्या छोट्या टेबलांवर चालतो.

औषधांची यादी, प्रत्येकाचा पीएचआय (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस), द्राक्षाच्या जाती, तालुके ही लहान टेबलं रेफरन्स टेबल केली. त्यांची पूर्ण प्रत प्रत्येक मशीनवर असते, त्यामुळे जॉइन जागच्या जागी होतो. शेतकऱ्यांचं टेबलही असंच ठेवलं, त्याला आणखी एक कारण आहे. वाटलेल्या टेबलात युनिक बंधन घालायचं तर त्यात तोडण्याचा कॉलम यावाच लागतो. मोबाइल नंबर एकाच शेतकऱ्याचा असावा हे बंधन केंद्राच्या क्रमांकावर तोडलेल्या टेबलात पाळताच येत नाही.

शार्डची मूळ संख्या ३२ आहे. आमचे वर्कर तीन. म्हणजे दोघांवर अकरा-अकरा आणि एकावर दहा. फरक लहान आहे, पण सुरुवातीलाच वर्करच्या संख्येने भाग जाईल असा आकडा घेतला तर हा प्रश्न उरत नाही. तीन वर्करवरच राहायचं नक्की असेल तर ३६ किंवा ४८ घ्या. दुसरा गुणाकार जास्त महत्त्वाचा. महिन्याची पार्टिशन ठेवली असती तर पाच वर्षांची ६०, गुणिले ३२ म्हणजे १,९२० टेबलं. प्रत्येक मोठ्या क्वेरीच्या प्लॅनिंगला त्याचा भार. हंगामी पार्टिशनमुळे आम्ही ३२० वर राहिलो.

तक्रारीही आहेत, त्या नीट ऐका.

पहिली मीडियनची, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याची. सरासरी हवी असेल तर सायटस वर्करकडून बेरीज आणि संख्या मागवतं, भागाकार कोऑर्डिनेटरवर करतं. सुरेख चालतं. पण तालुक्यानुसार मीडियन मागितलं, तर मीडियन तुकड्यांतून जोडता येत नाही. एका तालुक्याच्या ओळी तिन्ही वर्करवर पसरलेल्या, त्या सगळ्या नेटवर्कवरून कोऑर्डिनेटरकडे येतात आणि तिथे एकटा कोऑर्डिनेटर घाम गाळत बसतो. मॅडमना मीडियनच हवं असतं, कारण एक बिघडलेला सेन्सर सरासरीची वाट लावतो. आम्ही केंद्रानुसार मीडियन काढतो, ते वर्करवरच होतं, आणि तालुक्यासाठी टी-डायजेस्ट एक्स्टेन्शनचं अंदाजे उत्तर घेतो. मॅडमनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून तपासले, म्हणाल्या, "फवारणीच्या निर्णयाला एवढं पुरेसं आहे." वेगवेगळ्या किमती किती (डिस्टिंक्ट) हे मोजण्याचंही असंच दुखणं आहे.

दुसरी तक्रार शेजाऱ्यांची. एखादं केंद्र चुकीचं वाचतंय का, हे ओळखायला त्याची तुलना जवळच्या तीन केंद्रांशी करतो. पण जमिनीवर शेजारी असलेलं केंद्र हॅशच्या हिशेबात भलत्याच वर्करवर बसलेलं असतं. असा जॉइन करायचा तर डेटा मशीनमशीनमध्ये नव्याने वाटावा लागतो. सायटस ते करू शकतं, पण मूळ सेटिंगमध्ये ती सोय बंद असते, आणि बंद आहे तेच बरं. आम्ही वेगळी वाट काढली. कालच्या दिवसाचे तासाचे सारांश एका रेफरन्स टेबलात टाकतो. हजार केंद्रं धरली तरी २४ हजार ओळी. त्या सगळीकडे असल्या की प्रत्येक वर्कर आपल्या केंद्रांचे शेजारी घरच्या घरी शोधतो.

तिसरी गोष्ट मी तक्रार म्हणणार नाही, पण माहीत हवी. सायटसमध्ये सगळ्या मशीनवर मिळून एकच स्नॅपशॉट (एकाच क्षणाचं चित्र) नसतो. मोठं लिखाण कमिट होत असताना वाचणाऱ्या क्वेरीला एका वर्करवर नवीन ओळी आणि दुसऱ्यावर जुन्या दिसू शकतात, क्षणभर. आमच्या हवामानाच्या आकड्यांना त्याने काही बिघडत नाही, पुढच्या क्षणी बरोबर होतं. पण पतसंस्थेचा ताळेबंद किंवा गोदामातला साठा यावर ठेवणार असाल तर माझा स्पष्ट सल्ला आहे, नको. एका मोठ्या मशीनवर राहा.

डेव्हिड डेविट आणि जिम ग्रे यांनी १९९२ मध्ये समांतर डेटाबेसचे तीन शत्रू सांगितले होते: काम सुरू करण्याचा खर्च, एकमेकांच्या पायात पाय येणं, आणि वाटपातला असमतोल. तिन्ही आम्हाला भेटले. शेतकऱ्याची छोटी क्वेरी सायटसमुळे जलद झाली नाही. ती एकाच वर्करकडे जाते, मध्ये कोऑर्डिनेटरची एक उडी वाढली, म्हणजे किंचित हळूच. फायदा एवढाच की अवकाळीच्या सकाळी शेकडो छोट्या क्वेरी तिन्ही वर्करवर वाटल्या जातात आणि कुणाचाच श्वास कोंडत नाही. पायात पाय येण्याचा अनुभव कनेक्शनमध्ये आला: सगळ्या शार्डवरची एक क्वेरी प्रत्येक वर्करवर बरीच कनेक्शन उघडते, तेव्हा वर्करवरची मूळची शंभरची मर्यादा पुरत नाही.

आणि असमतोल आला तो डेटात नाही, लोखंडात. वर्करसाठी वापरलेले सर्व्हर एम. जी. रोडवरच्या एका दुकानातून घेतले, तिन्ही एकाच मॉडेलचे. डेटा सारखा वाटलेला, तरी एक वर्कर लिहिताना कायम मागे. वाचताना बरोबरीने. हे लक्षण ओळखीचं आहे. उघडून पाहिलं तर डिस्क सांभाळणाऱ्या रेड (RAID) कार्डची बॅटरी मेलेली. बॅटरी नसली की कार्ड राइट कॅश बंद करतं आणि प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर जाईपर्यंत थांबतं. दुकानदाराने तपासून दिल्याचं सांगितलं होतं. एकट्या मशीनवर असता तर हा सर्व्हर "जरा जुना आहे" म्हणून खपून गेला असता. इथे त्याच्यापायी तिघांचं लिखाण थांबत होतं. वापरलेली मशीन घेणार असाल तर दुकानातच कार्डची स्थिती उघडून बघा, आणि तिन्हीवर एकच लिखाणाची चाचणी चालवून वेळा शेजारी मांडा. बॅटरी बदलली, प्रश्न मिटला.

सुरक्षिततेबद्दल गैरसमज नको. मशीन जास्त म्हणजे भरवसा जास्त, असं नाही. उलट बिघडायला जागा जास्त. एक वर्कर गेला तर त्याच्यावरचा तिसरा हिस्सा गायब. म्हणून प्रत्येक वर्करला स्ट्रीमिंग रेप्लिका (सतत ताजी राहणारी प्रत) हवीच, आणि कोऑर्डिनेटरलाही. खर्चाचा हिशेब करताना मशीनची संख्या दुप्पट धरा. वीज जाऊन एखादं मशीन अर्ध्यात बंद पडलं तर दोन टप्प्यांच्या कमिटमुळे (आधी सगळ्यांची तयारी, मग पक्कं) अडकलेले व्यवहार सायटस आपोआप निस्तरतं, हे आम्ही प्लग काढून तपासलंय. बॅकअपसाठी सगळ्या मशीनवर एकाच क्षणाची खूण ठेवणारं फंक्शन आहे, ते रोज चालवा. आणि पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती आली म्हणून लगेच उडी मारू नका. सायटसची कुठली आवृत्ती तिला चालते ते आधी बघा.

नेटवर्कवर हात आखडता घेऊ नका. आम्ही १० गिगाबिटचा स्विच घेतला. मीडियनसारखी एखादी क्वेरी ओळी ओढायला लागली की एक गिगाबिटची तार तिथेच भरून जाते.

क्लाउडवर का नाही, असं ऑफिसातल्या तरुण मुलांनी विचारलं. आमचा डेटा वर्षभर रोज चाळला जातो, मशीन क्वचितच रिकामी असतात, म्हणून घरची मशीन परवडतात. ज्यांचं काम महिन्यातून दोनदाच असतं त्यांनी जरूर क्लाउडवर जावं.

पाचवा तारा कापला तो मीडियनसाठी आणि शेजाऱ्यांच्या जॉइनसाठी. बाकी ज्यांच्या डेटात केंद्र, ग्राहक, मीटर, वाहन असा एक ठळक धागा आहे आणि बहुतेक प्रश्न त्या धाग्याभोवती फिरतात, त्यांनी निर्धास्त घ्यावं. पुढच्या छाटणीआधी आम्ही चौथा वर्कर जोडतोय. शार्ड नव्याने वाटून देणारा रीबॅलन्सर लिखाण न थांबवता ते हलवतो, फक्त प्रत्येक टेबलाला प्रायमरी की असायला हवी. ती आहे का ते आत्ताच तपासून ठेवलंय. चार वर्करवर ३२ शार्ड म्हणजे प्रत्येकी आठ, आणि कळवण-देवळ्याकडच्या नव्या केंद्रांना जागा.